मार्सेयचे सात दिवस

पहिला दिवस, बुधवार

शाळेच्या पुस्तकात या गावाचं नाव मार्सेलिस होतं. मी तो धडा वेंगुर्ल्यात वाचला, ह्यांनी नाशिकरोडला. तिथून सावरकरांचं भगूर सायकलच्या अंतरावर. लहानपणी दर सुट्टीत भगूरचा वाडा पाहून आलेला माणूस निवृत्तीनंतर पहिल्यांदा परदेशी निघतो, तेव्हा त्याला कुठे जायचं असेल हे मला विचारावं लागलं नाही. मला समुद्र हवा होता, मासळी हवी होती. दोघांची मागणी एकाच गावात भागली.

पॅरिसला भाचीकडे दोन रात्री काढून सकाळची टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, पकडली. साडेसातशे किलोमीटर, सव्वातीन तास. अविन्यों मागे पडल्यावर खिडकीतला उजेड बदलला. माती पांढुरकी झाली, झाडं ठेंगणी झाली, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा असूनही ह्यांनी स्वेटर काढून ठेवला.

सें शार्ल स्टेशन टेकाडावर आहे. बाहेर आलं की एकदम १०४ पायऱ्यांचा भव्य जिना खाली शहरात उतरतो. पायथ्याशी दोन मोठी शिल्पं आहेत, एक आफ्रिकेच्या वसाहतींचं, दुसरं आशियाच्या. आडव्या पडलेल्या बायकांच्या रूपात दोन खंड कोरलेले. फ्रान्सने या बंदरातून काय काय आणलं याची ही उघड कबुलीच आहे. मला ती शिल्पं आवडली नाहीत, पण ती तिथेच आहेत हे बरं वाटलं. इतिहास झाकून ठेवलेला नाही.

मुक्कामाच्या घरी सामान टाकून आम्ही कानबिएर रस्त्याने उतरत जुन्या बंदरावर गेलो. या रस्त्याचं नाव भांगेच्या झाडावरून पडलं. त्याच्या वाखापासून इथे जहाजांचे दोरखंड वळले जायचे. बंदर म्हणजे शहराच्या पोटात शिरलेला पाण्याचा लांबट चौकोन. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया गावचे ग्रीक दर्यावर्दी याच खोबणीत शिरले आणि त्यांनी मस्सालिया वसवलं. पंचवीसशे वर्षांहून जास्त काळ तीच खोबण वापरात आहे. काठावर नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३मध्ये उभारलेलं आरशासारख्या पोलादाचं छप्पर आहे, बारीक खांबांवर तरंगल्यासारखं. त्याखाली मान वर करून उभं राहिलं की आपण उलटे दिसतो, आपल्यामागे उलट्या होड्या.

दुसरा दिवस

सकाळी आठ वाजता मी एकटीच खाली गेले. ह्यांना मासळीचा वास सहन होत नाही. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही तव्यांचीही वाटणी करून घेतली आहे.

त्या आरशाच्या छपराजवळच मासळीबाजार भरतो. मोठा नाही, आठ-दहा टेबलं, त्यावर निळ्या उथळ टोपल्या, आणि त्यांत मासे अजून श्वास घेत असलेले. होडी मागे बांधलेली, जाळी तिथेच पडलेली, नवरा होडीत आणि बायको टेबलाशी. हे चित्र मी जन्मापासून ओळखते. एक माकुल तर माझ्यासमोर शाई ओकला. वांब होती, बांगड्याचा भाऊ शोभेल असा मासा होता, आणि लाल, काटेरी, रागीट तोंडाचा रास्कास होता. तो आपल्याकडच्या बाजारात मी कधी पाहिलेला नाही. तारल्या घ्याव्यात म्हणून मी एकीचा कल्ला बोटाने उघडून आतला रंग पाहिला. टेबलामागची बाई माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, आणि स्वतः दुसरी टोपली पुढे ओढून तिने त्यातल्या काढून दिल्या. एक शब्द न बोलता आमचा व्यवहार झाला.

तारली हा इथल्या विनोदाचाही मासा आहे. मार्सेयचा माणूस वाढवून बोलायला लागला की फ्रान्सभर म्हणतात, याच्या गावात तारलीने बंदर बुजवलं होतं. खरी गोष्ट अशी की १७८०मध्ये 'सार्तीन' नावाचं जहाज बंदराच्या तोंडाशी बुडलं आणि वाट अडली. सार्तीनची सार्डीन झाली. ते जहाज पाँडिचेरीहून फ्रेंच युद्धकैद्यांना घेऊन आलं होतं, हे कळल्यावर मला त्या विनोदापेक्षा ते जहाज जास्त जवळचं वाटलं.

मसाल्याची डबी आणि आमसुलं मी पुण्याहून आणली होती. नारळ राहिला होता. तो नोआय मोहल्ल्यात मिळाला. कानबिएरच्या उजव्या अंगाला, दोन मिनिटांवर हा बाजार आहे: अल्जीरियन, ट्युनिशियन, कोमोरो बेटांवरची माणसं, धण्या-जिऱ्याची पोती, पुदिन्याच्या जुड्या, खजुराचे घोस. मंडईत शिरल्यासारखं झालं. दुकानदाराने नारळ कानाशी हलवून पाणी वाजवून दाखवलं तेव्हा मी त्याला मराठीतच 'बरोबर' म्हटलं.

दुपारी ल पानिए, म्हणजे टेकडीवरची जुनी वस्ती. अरुंद बोळ, दोरीवर कपडे, पायऱ्याच पायऱ्या. तिथली व्हिएय शारिते ही इमारत मात्र दोन तास घेऊन पाहावी. सतराव्या शतकात मार्सेयचाच शिल्पकार पिएर प्युजे याने ती गोरगरिबांना ठेवण्यासाठी आखली. 'ठेवण्यासाठी' म्हणजे खरं तर डांबण्यासाठी, भिकारी पकडून आणून इथे कोंडत. चारी बाजूंनी तीन मजली कमानींच्या ओसऱ्या, मधे लंबगोल घुमटाचं देऊळ, सगळा दगड गुलाबी झाक असलेला. इतकी देखणी जागा आणि तिचा असा उपयोग. पानिएच्या खालचा, बंदराला लागून असलेला भाग तर आता जुना राहिलेलाच नाही. जानेवारी १९४३मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने तिथल्या सुमारे वीस हजार माणसांना बाहेर काढलं आणि फेब्रुवारीत सुमारे दीड हजार इमारती सुरुंगांनी उडवल्या. तिथे आता युद्धानंतर बांधलेल्या सरळसोट इमारतींची रांग आहे.

संध्याकाळी जोलिएत. ह्यांच्यासाठी खरी सहल इथे सुरू झाली.

जोलिएत हे एकोणिसाव्या शतकात बांधलेलं नवं बंदर. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईची विलायतेची वाट इथूनच जायची. पुष्कळ प्रवासी इथे उतरून रेल्वेने उत्तरेकडे जात आणि बिस्केचा खवळलेला उपसागर टाळत. गांधीजी गोलमेज परिषदेला जाताना ११ सप्टेंबर १९३१ रोजी मार्सेयलाच उतरले. आज धक्क्यांना कुंपण आहे, आत जाता येत नाही. पण समोरच्या मोठ्या बाजार-संकुलाला समुद्राकडे तोंड करून लांबच लांब गच्ची आहे, तिथून सगळं दिसतं. कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या पांढऱ्या बोटी लागलेल्या होत्या. गाड्यांवर गाद्या, सायकली बांधलेली कुटुंबं बोटीत चढत होती.

हे कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे न बघताच सांगायला लागले. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक. १ जुलैला 'मोरिया' बोट निघाली. ७ जुलैच्या संध्याकाळी मार्सेय. ८ जुलैच्या सकाळी शौचकूपाच्या गोल खिडकीतून खाली पाण्यात. काठावर चढून पळाले, फ्रेंच सागरी पोलिसाने पकडलं आणि पुन्हा बोटीवर नेऊन दिलं. मादाम कामा आणि सहकारी पोचेपर्यंत उशीर झाला होता. हे सगळं मला पाठ आहे, पण त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून ऐकताना ते गोष्टीसारखं नाही, आत्ता घडत असल्यासारखं वाटलं.

पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या माणसाला फ्रेंच पोलिसाने परस्पर परक्यांच्या हवाली केलं, म्हणून फ्रान्समध्ये आवाज उठला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल आला. अटकेत अनियमितता झाली हे लवादाने मान्य केलं, पण त्यामुळे कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही असं ठरवलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गांत हा खटला अजून शिकवतात. पोहण्याचं अंतर किती होतं यावर आपल्याकडे वाद घालतात. ह्यांचं म्हणणं, पाणी मोजू नका, ती खिडकी मोजा. आणि त्यानंतर ओल्या कपड्यांनी, भाषा येत नसलेल्या गावात, खिशात पैसा नसताना पळणं मोजा. मला ते पटलं.

घरी येऊन मी तारल्यांचं कालवण केलं. ह्यांनी खिडक्या उघड्या ठेवून दही-भात खाल्ला.

तिसरा दिवस

रात्री खिडक्या धडाधडा वाजायला लागल्या. सकाळी पाहतो तर आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन लख्ख आणि वारा असा की माणूस उभा राहू नये. हाच मिस्ट्राल. उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून हा कोरडा, गार वारा खाली झेपावतो. इफ बेटाची बोट बंद. तिकीटखिडकीवरच्या मुलीने आकाशाकडे बोट दाखवून खांदे उडवले.

मग आडोशाचा दिवस. भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय, म्युसेम, २०१३मध्ये सुरू झालं. वास्तुकार रुदी रिचोती यांनी चौकोनी इमारतीला काँक्रीटची जाळी पांघरली आहे. कोळ्याचं जाळं वाळत घातल्यासारखी ती दिसते आणि आत फिरताना अंगावर तिच्या सावल्या पडतात. गच्चीवरून एक अरुंद पूल पाण्यावरून थेट सें जाँ किल्ल्यात जातो. त्या वाऱ्यात तो पूल ओलांडताना ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि सुटल्यावरही धरूनच ठेवला. आतल्या वस्तूंपेक्षा मला ती जाळी आणि तो पूलच लक्षात राहिला.

शेजारीच कोस्केर गुहेची प्रतिकृती आहे. आँरी कोस्केर या पाणबुड्याला १९८५मध्ये मार्सेयजवळच्या कड्याखाली समुद्रात ३७ मीटर खोल एक तोंड सापडलं. तिथून पावणेदोनशे मीटरचा चढता बोगदा, आणि त्याच्या टोकाला चित्रांची गुहा. सर्वांत जुनी चित्रं सत्तावीस हजार वर्षांहूनही जुनी. तेव्हा समुद्र कितीतरी खाली होता, माणसं चालत आत जायची. खरी गुहा आता हळूहळू पाण्यात चालली आहे, म्हणून २०२२पासून ही नक्कल. घोडे आहेत, रानरेडे आहेत, आता जगातून नाहीसे झालेले पेंग्विनसारखे पक्षी आहेत. पण मी थांबले ती हातांपाशी. भिंतीवर पंजा ठेवून भोवती रंग फुंकलेला. आमच्याकडे दिवाळीत गोठ्याच्या दारावर कुंकवाचे पंजे उमटवत, त्याची आठवण झाली. नकलेतले हात आहेत हे माहीत असूनही डोळे भरून आले.

चौथा दिवस

वारा पडला. दक्षिणेकडची बस धरून आधी माझार्गला गेलो.

पुण्यात आमचं घर खडकीजवळ. मुंबई सॅपर्सची, म्हणजे लष्करातल्या अभियंत्यांची, छावणी आमच्या रोजच्या रस्त्यावर. या खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पहिल्या महायुद्धात लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला आल्या. त्या डिव्हिजनची जहाजं २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेयला लागली आणि महिनाभरात, २८ ऑक्टोबरला, नव्ह शापेलच्या लढाईत या दोन कंपन्यांची भयंकर हानी झाली. मार्सेय हा हिंदी फौजेचा तळ होता. आजारी, जखमी माणसं इथल्या इस्पितळांत यायची. त्यांतले जे गेले ते माझार्गच्या युद्धस्मशानात आहेत.

हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या ओळी. हिंदूंच्या दगडांवर देवनागरीत कोरलेलं आहे: ॐ भगवते नमः. तीन दिवस फ्रेंच पाट्या अडखळत वाचल्यानंतर दगडावर आपली अक्षरं आली आणि मी ती मोठ्यानेच वाचली. शीख शिपायांच्या दगडांवर गुरुमुखी, मुसलमानांच्या दगडांवर अरबी. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं मागच्या स्मारकावर आहेत. खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, पखालवाले, भंगी, सगळे. पुष्कळसे लढाईत नव्हे, थंडीत आणि तापात गेलेले. दुसरं कोणीच नव्हतं. माळी लांबवर कात्री चालवत होता. ह्यांनी चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या.

तिथून पुढे बस लुमिनीपर्यंत जाते, आणि लुमिनीमागे कालांक सुरू होतात. चुनखडीच्या पांढऱ्या डोंगरांत समुद्राने घुसून केलेल्या चिंचोळ्या खाड्या. २०१२पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. उन्हाळ्यात सुजितों खाडीत उतरायला आधी नोंदणी लागते, ऑक्टोबरात लागत नाही. पाइनच्या सावलीतून वाट, पायाखाली मोकळा खडा, हवेत रोझमेरीचा वास. पाणी कुठेही मिळत नाही, बरोबर न्यावं. ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून ते वरच्या सज्जावर बसले, मी एकटी खाली उतरले. पाऊण तास लागला. कोकणातला समुद्र वाळूवर पसरत येतो, इथला उभ्या कड्याला लागून एकदम खोल होतो. रंग तळाशी हिरवा, मग निळा, मग जांभळा. पंजाबी ड्रेससकट पाण्यात शिरले. गार होतं, पण मिठाचा चटका तोच. वर बघितलं तर सज्जावरून पांढरा रुमाल हलत होता.

पाचवा दिवस, रविवार

बोट सुटली. जुन्या बंदरातून वीस मिनिटांत इफ. उघडा, पांढरा खडक आणि त्यावर तीन बुरुजांचा किल्ला. फ्रान्सिस पहिला या राजाने १५२४मध्ये बांधायला घेतला, १५३१मध्ये पुरा झाला. बांधला संरक्षणासाठी, वापरला तुरुंग म्हणून. पुढे प्रोटेस्टंट पंथाच्या शेकडो माणसांना इथे कोंडलं.

किल्ला होण्याआधी इथे एक पाहुणा येऊन गेला होता. गुजरातचा सुलतान मुजफ्फर याने पोर्तुगिजांना एक गेंडा भेट दिला. पोर्तुगीज गव्हर्नर अल्फोन्सो द अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला, २० मे रोजी तो लिस्बनला पोचला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने तो स्वतः न पाहता, दुसऱ्याच्या रेखाटनावरून, लाकडी ठशात कोरला. ते चित्र पुढे शतकानुशतकं युरोपात 'गेंडा' म्हणून चाललं. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला पाठवायचं ठरवलं. रोमच्या वाटेवर जानेवारी १५१६मध्ये जहाज मार्सेयजवळच्या या बेटाशी थांबलं आणि फ्रान्सिस राजा मुद्दाम तो पाहायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. साखळदंडांत बांधलेला गेंडा पोहू शकला नाही. गेंडे चांगले पोहतात. मांडवीच्या मुखातून निघालेलं ते जनावर या उघड्या खडकावर उभं राहिलेलं मी डोळ्यांसमोर आणत होते. खायला काय दिलं असेल?

आत खालच्या अंधाऱ्या कोठडीवर आबे फारियाचं नाव आहे. अलेक्सांद्र द्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मधला, भुयार खोदणारा शहाणा म्हातारा कैदी. ती कोठडी कादंबरीतल्या माणसाची, पण नाव खऱ्या माणसाचं आहे आणि तो माणूस गोव्याचा. जुझे कुस्तोदियो फारिया, १७५६मध्ये कांदोळीला जन्मलेला पाद्री. संमोहन हे डोळ्यांतून वाहणाऱ्या कुठल्या अदृश्य द्रव्याने होत नाही, ते होणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं, हे पॅरिसमध्ये ठामपणे मांडणारा. मार्सेयच्या वैद्यकीय मंडळाचाही तो सभासद होता. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे, हात पसरलेला, समोर कलंडलेली बाई. वेंगुर्ल्याहून पणजी म्हणजे आमची खरेदीची बाजारपेठ. लहानपणी त्या पुतळ्याला मी घाबरत असे. आईने तेव्हा सांगितलेली आख्यायिका मला त्या कोठडीत आठवली. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया घाबरून गप्प झाला, तेव्हा बाप कोकणीत पुटपुटला, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' आणि पोराची जीभ सुटली. मी ते वाक्य कोठडीत म्हटलं. भिंतींनी ते छान घुमवलं.

परतीच्या बोटीत भूक लागली. संध्याकाळी समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याने वालों देझोफला चालत गेलो. रस्त्याच्या कमानींखाली लपलेलं एवढंसं कोळ्यांचं बंदर, होड्या एकमेकींना खेटून. इथे मी बुयाबेस खाल्ली. ती दोघांसाठीच करतात असं दोन ठिकाणी सांगितलं होतं, तिसरीकडे एकटीसाठी द्यायला तयार झाले. सत्तर युरोंच्या वर पैसे लागले, ते ह्यांनी आनंदाने दिले. मूळचा हा पदार्थ विकली न गेलेली, काट्यांची मासळी कोळी समुद्राच्या पाण्यात उकळत त्यातून आलेला. १९८०मध्ये इथल्या काही हॉटेलवाल्यांनी मिळून त्याची सनदच केली: मासे कोणते, किमान किती जातींचे, वाढायचे कसे. आधी सगळे मासे ताटात आणून दाखवले. मग नुसता रस्सा, केशरी-तांबूस, बडीशेपेचा आणि केशराचा वास. कडक पावाच्या चकतीवर लसूण घासायची, वर लसूण-मिरची-केशराचं घट्ट वाटण लावायचं आणि ती रश्श्यात सोडायची. मासे शेवटी, वेगळे, समोर काटे काढून. नारळ नाही, आंबट नाही, तरीही रास्कासच्या डोक्यातून उतरलेली ती चव माझ्या आजीने ओळखली असती. डोकी टाकू नका, असं ती सांगायची.

सहावा दिवस

लेस्ताकला जायचं ठरवलं ते ह्यांच्यासाठी. तिथे पानिस मिळते असं वाचलं होतं. जोलिएतहून बसने उत्तरेकडे, शहराच्या टोकाला. सेझान आणि ब्राक यांनी या गावाची घरं, समुद्र आणि धुरांडी रंगवून चित्रकलेची दिशा बदलली. आज ते साधं, थोडं थकलेलं बंदर आहे आणि मला तसंच आवडलं.

पानिस म्हणजे हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, घोटून, गार करून वड्या पाडायच्या आणि तळायच्या. धक्क्यावरच्या टपरीतून कागदाच्या पुडीत गरमागरम मिळाल्या. ह्यांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, 'अगं, ही तर तळलेली पाटवडी!' वर मिरी आणि मीठ. फोडणी नाही, खोबरं-कोथिंबीर नाही, पण अंगची वडी तीच. त्यांनी तीन पुड्या खाल्ल्या. सहा दिवस बहुतेक पाव आणि सॅलडवर काढलेल्या माणसाला इतकं खूश झालेलं पाहून मला जे वाटलं ते बुयाबेसने वाटलं नव्हतं.

शेजारी चिनाराच्या झाडांखाली म्हातारे पेतांक खेळत होते. आम्ही बाकावर बसून बघत होतो. मागच्या घराच्या दुरुस्तीची उतरवलेली कौलं भिंतीला रचून ठेवली होती. मंगळुरी कौलं, अगदी आपली. मी उठून हात लावला. खेळातला एकजण जवळ आला. मी मोबाइलवर आमच्या वेंगुर्ल्याच्या घराचा फोटो काढून दाखवला. त्याने चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि मोठ्याने दुसऱ्यांना हाक मारली.

मोबाइलच्या भाषांतरावर जे समजलं ते असं. लेस्ताक, सें आँरी, सें आँद्रे या वाड्यांतली माती कौलांची. एकमेकांत अडकणारं कौल १८४१मध्ये अल्सासच्या जिलार्दोनी बंधूंनी काढलं आणि मार्सेयच्या कारखान्यांनी ते जगभर नेलं. जहाजांच्या तळाशी भार म्हणून कौलं भरायची आणि पोचल्यावर विकायची. मुंबईलाही ती उतरत. मंगळुरात बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून 'मंगळुरी' हे नाव आपल्याकडे रुळलं, हा भाग मी त्यांना सांगितला. त्याने ढिगातलं एक कौल उचललं आणि उलटं केलं. पोटाशी कोरलेली अक्षरं, आणि मधोमध एक माशी. मधमाशी.

माझ्या हातापायांतलं बळच गेलं. ही माशी मी पाहिली आहे. आजोळी गोठ्याला आढ्यापर्यंत काही नव्हतं, खालून थेट कौलांचं पोट दिसायचं. दुपारी वैरणीच्या ढिगावर उताणी पडले की नळ्याशेजारच्या दोन-तीन कौलांवर ती माशी असायची. मी तिला गोमाशी समजत असे. गाईंच्या गोठ्यात गोमाशीच असणार.

तिथूनच भावाला फोन लावला. वेंगुर्ल्यात रात्र झाली होती. तो म्हणाला, गोठा दहा वर्षांपूर्वी उतरवला, कौलं परसात माडाच्या बुंध्याला लावली आहेत, उद्या उजाडल्यावर बघतो.

सातवा दिवस

संध्याकाळची गाडी. सकाळी नोत्र दाम द ला गार्दला गेलो. शहरातल्या कुठल्याही गल्लीतून दिसणारी, टेकडीवरची सोन्याच्या मुलाम्याची आई. मार्सेयचे लोक तिला बोन मेर म्हणतात, भली आई. मंदिर १८६४चं. आत छतापासून लहान लहान जहाजं टांगली आहेत, भिंतींवर नवसाचे दगड: वादळातून वाचलो, बोट बुडाली पण मुलगा परत आला. मालवणच्या किनाऱ्यावर कोळी समुद्राला नारळ देतात. इथे समुद्रावरून परत आल्याची पोच देतात. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४च्या लढाईतल्या गोळ्यांचे व्रण आहेत.

उतरून सें व्हिक्तोरजवळच्या जुन्या भट्टीत नावेच्या आकाराची नाव्हेत बिस्किटं घेतली. संत्र्याच्या फुलांचा वास, दाताला कडक. १७८१पासून ती भट्टी पेटलेली आहे. आणि ऑलिव्हच्या तेलाचा हिरवा साबण, ज्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का असतो. पिशवीत बारा वड्या झाल्या, ह्यांनी एकही शब्द काढला नाही.

१०४ पायऱ्या चढून स्टेशनवर आलो. गाडी सुटायला दहा मिनिटं होती तेव्हा भावाचा फोटो आला. ओलं कौल, उलटं, त्याच्या तळहातावर. शेवाळ नारळाच्या काथ्याने घासून काढलेलं. मधोमध माशी, आणि भोवती अक्षरं: गिशार कार्व्हें, मार्सेय, सें आँद्रे. खाली त्याने लिहिलं होतं, 'ताई, अजून अकरा आहेत. माडाला दुसरं काय लावू ते सांग.'